फटीतल्या वाऱ्याचा देव

पुस्तक आलं त्या दिवशी वर्लिन ह्यूबनरने हात धुतले, चष्मा पुसला, बायकोला टेबलावरचं सगळं उचलायला लावलं आणि मगच खोका फोडला. 'राखेची राज्ये' या खेळाची नवी आवृत्ती अकरा वर्षांनी निघाली होती. चित्रं, नकाशे, तलवारींचे प्रकार, सगळं ओलांडून तो थेट देवांच्या प्रकरणाकडे गेला, कारण त्याला तिथे एका ओळखीच्याला भेटायचं होतं. मोठे दुष्ट देव जागच्या जागी होते. युद्धाचा होता, रोगराईचा होता, मरणाची देवी तर रंगीत चित्रासकट दोन पानं अडवून बसली होती. त्यांच्यानंतर छोटे दुष्ट देव यायचे, ते आलेच नाहीत. पान उलटलं तर हवामानाचं कोष्टक.

"आर्डिस," तो म्हणाला, "यांनी छोट्या दुष्टांना काढून टाकलंय."

"कुणी?" आर्डिस सिंकपाशी भांडी पुसत होती.

"कंपनीने. तेराच्या तेरा."

"पानं चिकटली असतील, बघ."

वर्लिनने पान उजेडात धरलं, नख लावून पाहिलं, आकडे मोजले. पानं चिकटली नव्हती. मग त्याने मागची सूची पाहिली, शुद्धिपत्र पाहिलं, आभाराचं पान पाहिलं. आभार कुणाचेही मानले होते, अगदी कुणाच्या तरी मांजराचेसुद्धा. पण छोट्या दुष्ट देवांचा उल्लेख नव्हता.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांनी एवढंच समजून घ्यावं की तीन-चार वयस्क माणसं टेबलाभोवती बसतात, एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात आणि अडलं की फासे टाकतात. आल्डर फॉल्समध्ये एकतीस वर्षं दर गुरुवारी हे वर्लिनच्या स्वयंपाकघरात चालायचं. गोष्ट सांगायचा वर्लिन. आर्डिस एक राक्षसीण व्हायची, चर्चच्या महिला मंडळात जे बोलता येत नाही ते ती राक्षसीण बोलायची. शेजारचा गॉर्डी टेश चोर व्हायचा. आणि रूबेन स्टोल्प पुजारी व्हायचा, ब्रदर स्निव्ह नावाचा, हुल्मोर या देवाचा.

हुल्मोर म्हणजे दाराखालच्या फटीतून येणाऱ्या गार वाऱ्याचा देव. जुन्या पुस्तकात त्याला चार ओळी होत्या. त्याच्या वर ओसुला, नासायला टेकलेल्या दुधाची देवी, आणि खाली थुर्न, बिजागऱ्यांच्या गंजाचा. हुल्मोरच्या भक्तांनी कुठलंही दार पूर्ण लावायचं नाही अशी शपथ असे, आणि बदल्यात त्यांना तीस पावलांवरची मेणबत्ती विझवता येई. याहून जास्त दुष्टपणा त्याला झेपत नसे. रूबेन बाहेरच्या जगात घरं गरम ठेवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त करायचा. चाळीस वर्षं त्याने गावातली एकेक फट बुजवली आणि गुरुवारी संध्याकाळी त्या फटीच्या देवाला नमस्कार केला. "धंद्याला चांगला असतो," असं तो म्हणे.

दोन वर्षांपूर्वी रूबेनची बायको लॉर्ना गेली. त्याच वर्षी वसंतात रूबेनने घर विकलं आणि तो मुलीकडे ॲरिझोनाला राहायला गेला. जाताना गाडीच्या खिडकीतून म्हणाला होता, "नवी आवृत्ती निघू दे. मग येतो आणि मोहीम संपवून टाकू." मोहीम अर्धवट होती. ब्रदर स्निव्ह एका किल्ल्याच्या दारात कडीवर हात ठेवून उभा होता आणि आत काय आहे ते एकट्या वर्लिनला माहीत होतं. ते त्याने आर्डिसलाही सांगितलं नव्हतं.

रूबेन गेल्यापासून गुरुवारी तिघंच बसत. फासे टाकत, वड्या खात, आणि साडेआठाला कुणीतरी जांभई देई. वर्लिनला रूबेनची आठवण यायची. हे वाक्य आमच्या गावात कुणी असं सरळ बोलत नाही. आमच्याकडे एखाद्याची आठवण आली की माणूस फावडं घेतो आणि त्याच्या दारातलं बर्फ काढून ठेवतो. वर्लिनने दोन हिवाळे रूबेनच्या दारातलं बर्फ काढलं. घरात आता दुसरेच लोक राहत होते. ते बिचारे खिडकीतून बघत आणि हात हलवत. नाताळात त्यांनी त्याला बिस्किटांचा डबा दिला, तो वर्लिनने ओशाळून घेतला आणि पुन्हा बर्फ काढायला गेला.

तर अशा माणसाला हुल्मोर गायब झाल्याची बातमी रूबेनला कळवायची होती. त्याने फोन केला. आधी दोघांनी ऊन, पाऊस आणि गॉर्डीचा गुडघा हे विषय उरकले.

"पुस्तक आलं," वर्लिन म्हणाला.

"माझंही आलं."

"पाहिलंस?"

"पाहिलं," रूबेन म्हणाला. "म्हणजे माझा ब्रदर स्निव्ह बिनदेवाचा पुजारी झाला म्हणायचा."

"आपण जुन्याच पुस्तकातला हुल्मोर धरू. कोण बघायला येतंय?"

"तसं नाही बाबा चालत. पुस्तकात नाही म्हणजे नाही. एकतीस वर्षं तूच हे सांगत आलायस." ते खरं होतं. एकदा गॉर्डीच्या चोराला वर्लिनने केवळ एका स्वल्पविरामावरून मारलं होतं. "बिनदेवाच्या पुजाऱ्याने एवढ्या लांब येऊन करायचं काय, वर्लिन?"

"आणि तो परत आला तर? पुस्तकात?"

"मग काय," रूबेन म्हणाला, "मग येईनच की."

त्या 'येईनच की'वर वर्लिनने पुढचे अडीच महिने काढले.

पहिलं काम पत्राचं. वर्लिन जिल्ह्याच्या रस्ते खात्यात पस्तीस वर्षं पाट्या बनवत होता. 'पुढे वळण', 'सावकाश', 'हरणांपासून सावध' यापलीकडे त्याने फारसं काही लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे पत्र आटोपशीर झालं. 'छोटे दुष्ट देव नाहीत. कृपया परत आणा.' आर्डिस म्हणाली, जरा कारण तरी दे. मग त्याने आणखी एक ओळ घातली: 'माणसं वाट पाहत आहेत.'

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. ग्राहक-संबंध खात्यातल्या कुणा ब्रायसनने अतिशय गोड भाषेत कळवलं होतं की छोट्या दुष्ट देवांचा फारसा वापर होत नाही असं पाहणीत आढळलं आहे, तरी पन्नास खेळाडूंनी मागणी केल्यास पुरवणी पानाचा विचार होऊ शकेल.

"वापर!" वर्लिन दिवसभर म्हणत होता. "देवाचा वापर! मरणाच्या देवीचा कोण वापर करतंय? पण ती दोन पानं. मोठ्या दुष्टांना कोण हात लावणार! काढायचं म्हटलं की छोट्यांना काढा. रस्ते खात्यात तेच, इथेही तेच."

गॉर्डी टेश कुंपणापाशी उभा राहून ऐकत होता. गॉर्डीने आयुष्यात सल्ला कधी मनात ठेवला नाही. "लायब्ररीत सभा घे," तो म्हणाला. "खालचा हॉल फुकट मिळतो. वड्या ठेव. वड्या असल्या की आपल्या गावात पन्नास माणसं येतात, विषय काहीही असो."

सल्ल्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी वर्लिन लायब्ररीत गेला. काउंटरवर मार्लिस ड्रेट्झ्का होती. मार्लिस आणि वर्लिन पहिलीपासून एका वर्गात होते, आणि मार्लिस तेव्हाही शाळेतल्या खडूंची मोजदाद ठेवायची.

"संस्था धार्मिक की बिगरधार्मिक?" मार्लिसने फॉर्म वाचत विचारलं.

"बिगर."

"आणि हेतू या रकान्यात तू लिहिलंयस, 'छोट्या दुष्ट देवांना परत आणणे'."

"ते खेळातले देव गं."

"पूजा होणार आहे?"

"छे! म्हणजे एक पुजारी आहे. पण तो ॲरिझोनाला असतो."

मार्लिसने ते समासात लिहून घेतलं. "हे बघ वर्लिन. धार्मिक असेल तर महिन्यातून एकदाच हॉल मिळतो. बिगरधार्मिक असेल तर देव आणता येत नाहीत. तुझं दोन्हीत बसत नाही."

"मग मधला फॉर्म दे."

"मधला फॉर्म नसतो. हे नगरमंडळाकडे जाईल. खायला काय?"

"लिंबाच्या वड्या."

"मग हा आणखी एक भर."

आता नगरमंडळाचा नियम असा की अर्जाची जाहीर सूचना द्यावी लागते. ती टपाल कचेरीच्या काचेवर लागली आणि गावच्या साप्ताहिकातही छापून आली. साप्ताहिकात जागा थोडी. छापणाऱ्याने एक शब्द वाचवला. गुरुवारी सकाळी अख्ख्या आल्डर फॉल्सने कॉफीबरोबर वाचलं: 'वर्लिन ह्यूबनर यांचा दुष्ट देवांच्या पुनरागमनासाठी लायब्ररीच्या हॉलकरिता अर्ज.'

वर्लिन पेपर घेऊन तडक कचेरीत गेला आणि त्याने तक्रार केली की 'छोट्या' हा शब्द गळला आहे. पुढच्या अंकात खुलासा आला: 'ह्यूबनर यांना फक्त छोटे दुष्ट देव हवे आहेत.' गॉर्डीच्या मते यामुळे प्रकरण अधिकच बिघडलं. ज्यांच्या नजरेतून पहिली सूचना सुटली होती त्यांनी आता ती शोधून वाचली.

शनिवारी पाद्रीबाई आल्या. कर्स्टन ओमोड नऊ वर्षं आमच्या चर्चमध्ये आहेत आणि त्यांच्याइतकं वळणाने बोलणं कुणाला जमत नाही. वीस मिनिटं त्या टोमॅटोंवर बोलल्या. मग आर्डिसच्या पडद्यांचं कौतुक झालं. पाद्रीबाईंनी दुसऱ्यांदा पडद्यांचं कौतुक केलं तेव्हा वर्लिन खुर्चीत सावरून बसला.

"चर्चमधल्या काही मंडळींना प्रश्न पडलाय," त्या म्हणाल्या. "मला नाही हं. मंडळींना."

"तो खेळ आहे, बाई. रूबेनचा देव आहे त्यात. वाऱ्याचा, फटीतल्या."

"मला कळतं हो. पण तुम्ही बावीस वर्षं दारात उभं राहून लोकांना जागेवर नेऊन बसवताय. थोडी विश्रांती घ्यावीशी नाही वाटत? दोन-तीन रविवार?"

"नाही वाटत."

"गॉर्डी टेश तयार आहेत, तुमच्या जागी उभे राहायला."

वर्लिन उभाच राहिला. "गॉर्डी? अहो, तो आमच्याच टेबलावर बसतो! तोच खेळ खेळतो!"

"हो, त्यांनी सांगितलं. ते चोर आहेत ना?" पाद्रीबाई हळूच म्हणाल्या. "चोराला निदान पुस्तकात जागा आहे."

त्या रविवारी गॉर्डी टेशने वर्लिनचा दंड धरून त्याला नेलं आणि खांबामागच्या बाकावर बसवलं. वर्लिन तिथे प्रार्थना संपेपर्यंत ताठ बसला. त्याच्या मनात काय काय येऊन गेलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. एवढंच सांगतो की छोटे दुष्ट देव इतके कमी का ठेवले होते असा विचार त्याच्या मनात प्रथमच आला.

नगरमंडळाची बैठक मंगळवारी झाली. एका सभासदाने विचारलं की हे देव आल्यावर गाड्या कुठे लावायच्या. दुसऱ्याने विचारलं की हेच देव शेजारच्या गावात आधी नेऊन पाहता येणार नाहीत का, तिकडे हॉल मोठा आहे. अध्यक्षांनी वर्लिनच्या पाट्यांबद्दल मंडळातर्फे कृतज्ञता व्यक्त केली आणि अर्ज अभ्यासासाठी ठेवून दिला. आमच्या मंडळाने अभ्यासासाठी ठेवलेली सर्वात जुनी गोष्ट म्हणजे पाण्याच्या टाकीचा रंग. तो अभ्यास एकोणीस वर्षं चालू आहे.

"हॉल सोड," गॉर्डीने कुंपणावरून नवा सल्ला दिला. रविवारपासून तो वर्लिनशी जरा जास्तच प्रेमाने बोलत होता. "शुक्रवारी माशाला ये."

शुक्रवारी संध्याकाळी सगळं गाव तलावाकाठच्या खानावळीत तळलेला मासा, राय ब्रेड आणि कोबीची कोशिंबीर खायला जमतं. वर्लिन कागद घेऊन टेबलाटेबलावर गेला. त्याला वाटलं होतं वीस सह्या मिळतील. मिळाल्या एकशे बारा. याचं कारण हुल्मोरची लोकप्रियता नव्हे. हातात पेन घेऊन समोर उभ्या राहिलेल्या माणसाला तोंडावर नाही म्हणणं आमच्याकडे कुणाला शिकवलेलंच नाही. निम्म्यांनी काय आहे ते वाचलंसुद्धा नाही. तिघांना ते पाण्याच्या टाकीविषयी वाटलं, आणि त्यांनी कंसात 'निळा' असं लिहिलं.

एकशे बारा सह्या गेल्या. ब्रायसनचं उत्तर या वेळी चार दिवसांत आलं. त्याला अतिशय आनंद झाला होता. आता फक्त प्रत्येक खेळाडूने सोबतचा फॉर्म भरावा: खेळातलं नाव, कोणता छोटा दुष्ट देव, आणि त्या देवाशी आपला संबंध.

वर्लिन खुर्चीत खचला. "संपलं. यातल्या एकशे नऊ जणांनी आयुष्यात फासा टाकलेला नाही."

"पण सही केलीय ना?" आर्डिस म्हणाली. "मग निस्तरतील. छाप फॉर्म."

आर्डिसला आमचं गाव वर्लिनपेक्षा जास्त कळतं. सही केली आणि आता माघार घेतली तर ते फार वाईट दिसलं असतं. पुढच्या शुक्रवारी लोक मासा बाजूला सारून फॉर्म भरायला बसले. वर्लिनने जुनं पुस्तक बारच्या कोपऱ्यावर उघडून ठेवलं होतं, तिथे रांग लागली. मार्लिस ड्रेट्झ्काने तेराही देव शांतपणे वाचले आणि ओसुला निवडली. "अठ्ठावीस वर्षं लायब्ररीतल्या फ्रिजवर मी चिठ्ठ्या लावतेय," ती म्हणाली. "या बाईला मी चांगली ओळखते." नगरमंडळाच्या अध्यक्षांनी गंजाचा थुर्न घेतला आणि संबंधाच्या रकान्यात टाकीचा इतिहास लिहायला सुरुवात केली.

पाद्रीबाई कोपऱ्यात ब्रँडीचा छोटा ग्लास घेऊन बसल्या होत्या. उठताना त्या बारपाशी थांबल्या.

"रूबेनचा कुठला म्हणालात?"

वर्लिनने बोट ठेवलं. पाद्रीबाईंनी चार ओळी वाचल्या आणि पेन मागितलं. "चर्चच्या मागच्या दाराखालून वारा येतो," त्या म्हणाल्या. "नऊ वर्षं माझे पाय गारठताहेत. मागे रूबेनने त्याला एक पट्टी मारून दिली होती. ती गेल्या वर्षी निघाली. मी रोज म्हणते, रूबेन असता तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं आणि त्याच कागदावर उतरवलं.

त्यांच्या मागे उभ्या असलेल्या बाईने ते खांद्यावरून वाचलं. तिने ओसुला खोडली आणि हुल्मोर लिहिलं. मग कसं कोण जाणे, रांगेतून ते नाव मागे मागे गेलं. लोकांना खेळातलं नाव सुचत नव्हतं, पण संबंध मात्र भराभरा सुचला. एकाने लिहिलं, 'सत्त्याण्णवच्या थंडीत रूबेनने आमच्या दाराखाली स्वतःच्या कोटाचं अस्तर फाडून कोंबलं. अजून तिथेच आहे.' एकीने लिहिलं, 'बाळ आठ दिवसांचं होतं. भट्टी बंद पडली. रूबेन सकाळपासून तळघरात होता आणि लॉर्ना वरती बाळाला घेऊन बसली होती.' एका म्हाताऱ्याने फक्त एवढंच लिहिलं: 'हल्ली घरात वारा लागतो.'

वर्लिनने घरी येऊन सगळे फॉर्म वाचले. त्र्याऐंशी जण हुल्मोरचे भक्त निघाले होते. त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "आर्डिस," तो म्हणाला, "नुसता मीच नाही."

"अरे, तुला काय वाटलं?" आर्डिस म्हणाली.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात कंपनीचा लिफाफा आला. आत एक सुटं पान होतं. बाकी बारा देव बाहेरच राहिले, पण अनपेक्षित आणि हृद्य प्रतिसादामुळे हुल्मोरला पुन्हा स्थान देण्यात येत होतं. आणि चार नव्हे, अकरा ओळी. शपथ होती, मेणबत्ती होती, आणि शेवटी एक नवीन ओळ होती की थंडीच्या दिवसांत याचे पुजारी लोकांच्या दारात मदतीला धावून जातात. दुष्ट देवाला हे कसं काय शोभतं याचा खुलासा केलेला नव्हता.

वर्लिन पान हातात घेऊन अंगणात गेला, परत आत आला, गॉर्डीला हाक मारून दाखवलं, रविवारचं सगळं विसरून त्याच्या पाठीवर थाप मारली. पाद्रीबाईंनी निरोप पाठवला की मंडळींचं समाधान झालं आहे आणि गॉर्डीने माणसं भलत्याच बाकांवर बसवली आहेत, तेव्हा आपण परत यावं. चारी बाजूंनी विजय होता. फक्त एक फोन करायचा राहिला होता.

मंगळवारी त्याने तो केला नाही. बुधवारी छपराच्या पन्हळी साफ केल्या. गुरुवारी दुपारी त्याने पान प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, मग बाहेर काढलं, आणि आर्डिसने शेवटी विचारलं, "वर्लिन, फोन बिघडलाय का?"

"करतो."

"काय अडलंय?"

वर्लिनने पान पुन्हा पिशवीत घातलं. "आता देव आलाय," तो म्हणाला. "आता सांगितलं की त्याच्याकडे काही कारण उरत नाही. यायचं नसेल तर त्याला सरळ नाही म्हणावं लागेल. रूबेन कुणाला नाही म्हणत नाही गं. तो मरेल त्यापेक्षा."

"आणि तुला ऐकावं लागेल."

"हो," वर्लिन म्हणाला. "ते पण."

माणसाला 'ये' म्हणायचं नाही, ही आमच्याकडची रीत याचसाठी आहे. आम्ही म्हणतो, कॉफी ठेवलीच आहे. आम्ही म्हणतो, कणसं जास्त झालीत. आम्ही म्हणतो, हुल्मोर परत आला. ऐकणाऱ्याला सटकायला एक दार उघडं ठेवतो आणि त्यालाच सभ्यपणा म्हणतो.

संध्याकाळी त्याने फोन लावला. ऊन झालं, पाऊस झाला, गुडघा झाला.

"मग?" रूबेनने विचारलं. "आपल्या माणसाचं काय?"

वर्लिनच्या गुडघ्यावर ते पान होतं. "अजून काही नाही," तो म्हणाला. "विचार चाललाय म्हणे त्यांचा."

आर्डिसने कपाळाला हात लावला.

पलीकडे कागद खसखसला. मग रूबेन म्हणाला, "वर्लिन, ते पान मलाही आलंय. सोमवारीच. पुस्तक घेतलेल्या सगळ्यांना पाठवलंय त्यांनी."

"अच्छा."

"छान छापलंय."

"कागद जरा पातळ आहे."

"हो, पातळ आहे." रूबेनने घसा साफ केला. "तू 'अजून नाही' म्हणालास तेव्हा मला इतकं बरं वाटलं ना, वर्लिन, की माझी मलाच लाज वाटली. देवाचं नव्हतंच रे ते."

"माहीत होतं मला," वर्लिन म्हणाला. आपल्याला हे माहीत होतं हे त्याला ते बोलतानाच कळलं.

"गावात यायचं म्हटलं की मला पहिलं ते अंगण दिसतं. आणि ती तिथे वाकून काहीतरी खुरपतेय. मग मी म्हणतो, उद्या बघू. दोन वर्षं मी उद्या बघतोय. इथे सगळं चांगलं आहे हं. मुलगी चांगली आहे. गरम आहे. कुणाच्या दाराखाली काही घालावं लागत नाही. पण दर गुरुवारी साडेचार वाजले की मला भूक लागते. पहिले सहा महिने कळेचना काय होतंय. मग लक्षात आलं, तिकडे साडेसहा वाजतात. इथे साडेचारला कुणी जेवत नाही, वर्लिन. मी आपला ओट्यापाशी उभा राहून ब्रेड खातो."

वर्लिनने घड्याळाकडे पाहिलं. साडेसहाला पाच मिनिटं होती. दारात गॉर्डी बूट काढत होता. एकतीस वर्षांत दीड हजारभर गुरुवारी जी चार माणसं या टेबलाशी बसली त्यांतलं एक आत्ता परक्या ओट्यापाशी उभं होतं, आणि वर्लिनला ते इतकं असह्य झालं की त्याच्या तोंडून शब्द निघून गेला.

"ये रे."

"काय?"

"ये. देव असू दे नाहीतर नसू दे. त्या रस्त्याने नको येऊस, मागून ये, चक्कीच्या रस्त्याने, तिकडून ते घर दिसत नाही. आमच्याकडेच राहा. पण ये. मला तुझ्यावाचून करमत नाही."

गॉर्डी एक बूट हातात धरून तसाच उभा राहिला. त्रेसष्ट वर्षांच्या आयुष्यात वर्लिन ह्यूबनरने कुणाला असं काही म्हटलेलं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. आर्डिसलाही त्याने लग्नाचं विचारलं होतं ते रस्ते खात्यात आता घरभाडं मिळतं असं सांगून.

पलीकडे रूबेनचा श्वास ऐकू येत होता. नाक ओढल्याचाही आवाज आला, किंवा फोनचीच खरखर असेल.

"येतो," रूबेन म्हणाला, आणि फोन बंद झाला.

वर्लिनने फोन जागेवर ठेवला.

"काय म्हणाला?" गॉर्डीने विचारलं.

"येतो म्हणाला."

"म्हणजे खरंच येतो, की 'बरंय, येतो' म्हणून फोन ठेवला?"

वर्लिन विचारात पडला. त्याने आर्डिसकडे पाहिलं. तीही तोच विचार करत होती.

"परत लाव आणि विचार ना," गॉर्डी म्हणाला. "एका मिनिटाचं काम आहे."

"नको," वर्लिन म्हणाला आणि खुर्ची ओढून बसला. "विचारत नाही तोवर तो येतोय."